मे महिन्याच्या रेघा

मला कुणी आळशी म्हटलं तर मी ऐकून घेतो, कारण त्यात तथ्य आहे. तापट म्हटलं तरी चालतं, ते तर बायको रोज म्हणते. पण कुणी माझ्यासमोर हसतमुखानं ‘गॅप भरून काढला’ असं म्हटलं, की तळपायाची आग मस्तकात जाते. नोकरी संपून आता बरीच वर्षं झाली, तरी जाते. एका लग्नात शेजारच्या पाटावरचा शिकलेला पोट्टा आपल्या कामाबद्दल सांगत होता, त्यात हे वाक्य आलं आणि मी अर्ध्या जेवणावरून उठलो. बायको म्हणाली, तुमाले झालं तरी काय? काय सांगू? तिला सगळं माहीत आहे, तरी विचारते.

वर्ध्याच्या एका सरकारी ऑफिसात मी विहिरी मोजायचो. म्हणजे किती विहिरी आहेत ते नव्हे, विहिरीत पाणी किती खोल आहे ते. जिल्ह्यात ठरवून दिलेल्या विहिरी होत्या. त्यातल्या आंजीकडच्या काही आणि आर्वी तालुक्यातल्या बऱ्याचशा माझ्याकडं होत्या. वर्षातून चार पाळ्या: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. दर पाळीला प्रत्येक विहिरीवर जायचं, पोलादी टेपच्या टोकाकडं हातभर खडू फासायचा, टेप आत सोडायची, वर ओढायची. खडू ओला झाला तिथं पाणी. वजाबाकी करायची आणि रजिस्टरात आकडा लिहायचा. पाचवी पास माणसाला जमेल असं काम. त्यात एकच गोष्ट अवघड, ती म्हणजे जावं लागतं.

नव्वदच्या सुमारास मी लागलो तेव्हा मला काम शिकवायला एक म्हातारे सीनियर होते. पान खायचे, डोक्याला दुपट्टा बांधायचे आणि एसटीत बसल्याबरोबर घोरायचे. पहिल्याच मे महिन्यात आम्ही एका विहिरीवर गेलो. टेप पूर्ण सोडली, तळाचा दगड खणकन वाजला, खडू जसाच्या तसा कोरडा वर आला. मी रजिस्टर उघडून ‘कोरडी’ लिहायला घेतलं तर त्यांनी माझं मनगट धरलं.

“कोरडी लिवू नको बे,” ते म्हणाले. “कोरडी लिवलं का वरून तीन कागद येतात. कधीपासून कोरडी, गाळ किती, दुसरी इहीर काऊन नाई धरली. त्याले जवाब देता देता तुही पेन्शन येईन. रेघ मार अन् चाल.”

मी रेघ मारली. आमच्या ऑफिसात सगळेच मारायचे. आकड्याच्या जागी आडवी रेघ म्हणजे विहीर कोरडी, हे आम्हा मोजणाऱ्यांना ठाऊक होतं. वरच्यांना ठाऊक नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलंही नाही.

इथवर ठीक होतं. पण रेघेची सवय वाईट. वर्ध्याचा मे महिना ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून कळणार नाही. सकाळी दहालाच डांबर बुटाला चिकटतं. एसटीतून उतरायचं, भाड्याची सायकल घ्यायची आणि त्या उन्हात शेताशेतांतून टेप घेऊन हिंडायचं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका दुपारी आंजीत उसाच्या रसाच्या दुकानात बसलो आणि पुढच्या दोन विहिरींवर गेलोच नाही. संध्याकाळी रजिस्टर उघडलं. खोटा आकडा लिहायची छाती झाली नाही. मग दोन रेघा मारल्या. कोण विचारणार होतं? दौऱ्याच्या डायरीत ‘भेट दिली’ असं लिहून टाकलं. त्यानंतर दर मे महिन्यात माझ्या चार-दोन रेघा तशा असायच्या. बाकीच्या खऱ्या. कुठली कुठली, ते फक्त मला माहीत, आणि दोन-तीन वर्षांनी मलाही धड आठवेना.

माझ्या विहिरींमधली एक बाईची होती. बाई म्हणजे माझी थोरली बहीण, आम्ही तिला बाईच म्हणायचो. ती आर्वीकडच्या रोहण्यापासून पायी अर्ध्या तासावरच्या एका लहान गावात दिलेली. जवायाचं, म्हणजे बाईच्या नवऱ्याचं, शेत गावाला लागून आणि विहीर शेताच्या कडेला. मे महिन्यात गावातला हातपंप नुसता खडखड करायला लागला की सगळं गाव त्या विहिरीवर यायचं. ती आटली की बायका नाल्याच्या पात्रात झिरा खोदून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. बाईची विहीर मोजायची म्हणजे माझी चैन असायची. मोजणं दोन मिनिटांचं, जेवण दोन तासांचं. पातोडीची भाजी, भाकर, वर मठ्ठा. त्या एका विहिरीवर मी कधी दांडी मारली नव्हती.

मग भाचीचं लग्न निघालं. मे महिन्यातच, नेमकं माझ्या पाळीत. नवरीच्या मागं मामानं उभं राहायचं असतं, तो माझा मान. बाईनं दोनदा निरोप धाडला, आदल्या रात्रीच येजो. पण त्या वर्षी मला अवदसा आठवली आणि मी प्रामाणिकपणा करायचा ठरवला. म्हटलं, सकाळी चार विहिरी उरकतो आणि मुहूर्ताला पोचतो. चारही मोजल्या, एकही रेघ नाही. परत येताना एसटी मधेच बंद पडली. मी मांडवात पोचलो तेव्हा लोकांच्या हातातल्या अक्षता संपल्या होत्या. नवरीच्या मागं जवायाचा चुलतभाऊ फेटा बांधून उभा, आणि फेटाही असा की जणू त्याच्याच बापाचं लग्न आहे.

माझं टाळकं सरकलं. मी मांडवातच ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. बाई पुढं आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात नव्हतं.

“लगन तुह्यासाठी थांबते का? मुहूर्त हाये थो, एसटी नाई.”

“मंग राह्य तुह्या त्या फेटेवाल्याले घेऊन! तुह्या दारात पाय ठेवीन तं नाव बदलीन.”

“नको ठेवू,” ती म्हणाली. “तुहं अडलं हाये का कोनाले?”

न जेवता निघालो. बायको मागून हाका मारत राहिली. राग माझ्या घराण्यातच आहे. बाईत जरा जास्तच, मी तर तिच्यापुढं काहीच नाही. त्यानंतर चार वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

पण विहीर तर रजिस्टरात होती. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च या पाळ्यांना मी जवाई शेतात नाहीत असं बघून, चोरासारखा जायचो आणि मोजून पळायचो. मे महिन्यात ते जमत नसे, कारण मे महिन्यात साऱ्या गावच्या बायका त्या विहिरीशी, आणि ती आटली की शेजारच्या नाल्यात, असायच्या. त्यांच्यासमोर बहिणीच्या शेतात पाय ठेवायचा म्हणजे हार मानणं. मी का म्हणून हार मानू? चार मे महिने, चार रेघा. डायरीत दर वर्षी ‘भेट दिली’. विहीर कोरडी असणार हे मला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळं मनाला फारसं लागलंही नाही. रेघ तर रेघच आहे, म्हटलं. जाऊन मारली काय आणि न जाता मारली काय.

ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि जुनी रजिस्टरं त्यात उतरवायचं फर्मान निघालं. टायपिंगला बसवलेल्या मुलीनं एक दिवस मला हाक मारली. कॉम्प्युटर फक्त आकडा घ्यायचा, रेघ टाकली की टुणकन वाजायचा.

“रेघेचं काय करू, भाऊ?” तिनं विचारलं.

मला एसटी गाठायची होती. “सोडून द्या रिकामं,” मी म्हणालो.

हे वाक्य मी म्हणालो, दुसऱ्या कुणी नाही. त्या मुलीनं नीट विचारलं होतं. त्या क्षणी मी दोन मिनिटं बसून ‘रेघ म्हणजे कोरडी’ एवढं सांगितलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण ते माझं कामच नव्हतं ना! अशा वेळी आपलं काम कुठं संपतं ते आपल्याला फार चांगलं कळतं.

आणि मग उपग्रहसाहेब आले. नाव सांगत नाही, आमच्या ऑफिसात सगळे त्यांना असंच म्हणायचे. बाहेरच्या कुठल्याशा संस्थेतले, वयानं माझ्याहून पुष्कळ लहान, कपड्यांना इस्त्री, आणि बोलणं एवढं गोड की ऐकणाऱ्याला मधुमेह व्हावा. मला ‘काका’ म्हणायचे. मी कुणाचा काका? मला त्यांचा पहिल्या दिवसापासून राग आला. त्यांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं, हे मी आज कबूल करतो. तेव्हा करत नव्हतो.

त्यांचं काम त्यांनी मला समजावून सांगितलं, चहा पाजून. दोन उपग्रह आहेत, एकामागं एक उडतात. खाली जमिनीत पाणी जास्त असलं की तिथली ओढ जराशी वाढते, पुढचा उपग्रह किंचित पुढं खेचला जातो आणि दोघांतलं अंतर बदलतं. त्या अंतरावरून दर महिन्याला हिशेब काढतात, कुठं जमिनीत पाणी वाढलं, कुठं घटलं.

“म्हणजे तुमचं यंत्र आकाशातून माह्या इहिरीत पाहते?” मी विचारलं.

“तुमच्या एका विहिरीत नाही, काका. त्याला तीन-चार जिल्हे मिळून एकच ठिपका दिसतो. शिवाय मधले काही महिने त्याचं मोजमापच आलेलं नाही. म्हणून तर तुमच्या विहिरी हव्यात.”

ते कॉम्प्युटरला शिकवणार होते. पाऊस किती झाला, ऊन किती पडलं, उपग्रहानं काय पाहिलं आणि त्याच महिन्यात विहिरींत पाणी किती होतं, हे वर्षानुवर्षांचं त्याच्यापुढं मांडायचं. त्यातला संबंध तो आपला आपण ओळखायला शिकतो. एकदा शिकला की जिथं मोजमाप नाही तिथं काय असलं असतं ते तो सांगतो. उपग्रहाचे हुकलेले महिने भरतो, विहिरींच्या रिकाम्या जागा भरतो आणि गावोगावचा नकाशा काढून देतो. याला मशीन लर्निंग म्हणतात, असं त्यांनी सांगितलं.

“आमच्या पोट्ट्याईले शिकवाले मास्तर नाई भेटत,” मी म्हणालो, “अन् मशीनले शिकवाले तुमी आले.”

ते हसले. मला त्याचाही राग आला.

सहा महिन्यांनी नकाशा झाला. मोठा, रंगीत, भिंतीवर लावलेला. जिथं मे महिन्यात पाणी खोल गेलं तिथं लाल, मधलं पिवळं, जिथं बरं आहे तिथं निळं. त्या वर्षी आर्वीकडच्या काही गावांसाठी नळयोजना यायची होती. लाल गावं आधी घेणार, निळी नंतर कधीतरी. त्या कधीतरीचा अर्थ आम्हा सरकारी माणसांना चांगला माहीत असतो. मी नकाशात बाईचं गाव शोधलं. निळं होतं. नुसतं निळं नाही, चांगलं गडद. मशीन सांगत होतं की तिच्या विहिरीत मे महिन्यात पाच मीटरवर पाणी असतं. विहीर साडेनऊ मीटर, आणि मे महिन्यात तिच्या तळाचा दगड वाजायचा.

मला वाटलं मी हसेन, पण हसू आलं नाही.

त्याच आठवड्यात बाई वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या आमच्या घरी आली. त्या वर्षी महिलांची जागा निघाली होती आणि बाई गावची सरपंच झाली होती. हे मला बायकोकडून कळलं होतं आणि मी त्यावर काही बोललो नव्हतो. दार उघडलं तर ती उभी. चार वर्षांनी. केस बरेच पांढरे झालेले. बायकोनं आत बोलावलं, ती आली नाही. पाणी दिलं, घेतलं नाही.

“इहीर कोरडी अन् कागदावर पानी कोठून आलं?” तिनं उंबऱ्याबाहेरूनच विचारलं. “बाया झिऱ्यावर रांग लावून राह्यल्या, अन् तुहे साहेब म्हनतात निळं गाव. सांग त्याईले.”

“मी काय करू? मशीननं काढलं थे.”

“मशीन अथी नाई आलं मोजाले,” बाई म्हणाली. “तूच मोजते ना?” आणि गेली. मी तिच्या मागं जाऊन सगळं सांगायला हवं होतं. पण तिनं पाणी घेतलं नव्हतं ना! माझ्या घरचं पाणी! मी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मात्र मी उपग्रहसाहेबांकडं गेलो. जुनं कागदी रजिस्टर त्यांच्यासमोर आपटलं आणि म्हटलं, तुम्ही भरलेल्या या रिकाम्या जागा रिकाम्या नव्हत्याच. इथं रेघा होत्या. रेघ म्हणजे विहीर कोरडी. तुमच्या मशीननं कोरड्या विहिरींत पाणी ओतलंय.

मला वाटलं, आता हा माणूस वाद घालेल. मी भांडायची पूर्ण तयारी करून गेलो होतो. पण त्यांचा चेहराच पडला. बराच वेळ ते रजिस्टराची पानं उलटत राहिले.

“म्हणजे जिथं सगळ्यात वाईट परिस्थिती होती, नेमकं तेच मशीनला कधी दिसलं नाही,” ते म्हणाले. “त्याला फक्त पाणी असलेल्या विहिरीच शिकवल्या आपण. अहो काका, हे फार मोलाचं आहे. तुम्ही मला एक मदत करा. प्रत्येक रेघेपुढं लिहून द्या, खरंच कोरडी होती की जाणं झालं नव्हतं. मी त्याला पुन्हा शिकवतो.”

आणि त्यांनी माझ्या हातात छापील यादी आणि पेन्सिल दिली. ‘जाणं झालं नव्हतं’ हे त्यांनी अगदी सहज म्हटलं होतं, माझ्यावर संशय घेऊन नाही. मला मात्र कानाखाली वाजवल्यासारखं झालं.

दोन दिवस मी ती यादी घेऊन बसलो. ज्या खऱ्या म्हणून आठवत होत्या त्यांच्यापुढं कोरडी लिहिलं. आंजीच्या रसाच्या दुकानातल्या रेघा आठवत होत्या, त्यांच्यापुढंही कोरडी लिहिलं. नाही तर काय लिहिणार? डायरीत तर ‘भेट दिली’ असं होतं. मग बाईच्या विहिरीच्या चार रेघा आल्या. ते खोटं नव्हतं, सांगून ठेवतो. विहीर कोरडीच होती. साऱ्या गावाला ठाऊक, मला ठाऊक. फक्त मी पाहिली नव्हती. चारही ठिकाणी कोरडी लिहिलं आणि यादी नेऊन दिली.

मशीन पुन्हा शिकलं. नवा नकाशा निघाला. बाईचं गाव लाल झालं आणि त्याच्या आजूबाजूची आणखी काही गावंही. उपग्रहसाहेबांनी मला पेढा दिला. मी खाल्ला. फार वर्षांनी मला स्वतःबद्दल बरं वाटलं. बाईला कळवायला हवं होतं. एक फोन करायचा होता, त्यांच्या गावातल्या किराणा दुकानात फोन होता. नाही केला. म्हटलं, येऊ दे तिला सभेत. ऐकू दे सगळ्यांसमोर, की नळ कुणी आणला. मग बघू पाणी घेते की नाही घेते.

सभा तालुक्याच्या गावी होती, ऑक्टोबर महिन्यात. यादी फक्त मंजूर व्हायची होती. गावोगावचे सरपंच खुर्च्यांवर, बाई तिसऱ्या रांगेत, मांडीवर पिशवी. समोर मोठे साहेब. ते सरळ माणूस, पण पावलोपावली खुंटा हलवून बघायची त्यांना सवय. आधीच्या यादीपेक्षा लाल गावं वाढली कशी, हा त्यांचा पहिलाच प्रश्न. उपग्रहसाहेबांनी रेघांची गोष्ट समजावून सांगितली आणि माझ्याकडं बोट दाखवलं. मी उभा राहिलो.

“रेघ म्हणजे कोरडी, हे इतक्या वर्षांनी आज सांगताय?”

“कोनी विचारलं नाई, साहेब.”

“प्रत्येक विहिरीवर तुम्ही स्वतः गेला होतात?”

“हो, साहेब. डायरी हाये.”

त्यांनी डायरी चाळली. नकाशात सगळ्यात जास्त बदललेलं गाव बाईचं होतं, म्हणून त्यांचं बोट तिथंच थांबलं. त्यांनी अगदी सौजन्यानं विचारलं, या गावचे सरपंच आलेत का? बाई उभी राहिली. ती माझी बहीण आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

“सरपंचबाई, तुमच्या विहिरीवर हे दर मे महिन्यात मोजायला यायचे ना?”

नुसतं हो म्हणायचं होतं. मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत मांडवातली सारी दुपार होती.

“नाई,” बाई म्हणाली. “चार वर्सं मे महिन्यात फिरकला नाई थो. पन इहीर कोरडीच होती, साहेब. कोनालेबी इचारा. चाला, आत्ता दाखोते.”

“आत्ता तिच्यात पाणी असेल ना, बाई? पाऊस झालाय.”

“आता हाये,” बाई म्हणाली आणि मागच्या रांगांत लोक हसले. ती गोंधळून उभीच राहिली. तिला वाटलं होतं खरं सांगितलं की झालं. सांगितलंही खरंच, अक्षर न् अक्षर खरं.

मोठ्या साहेबांनी डायरी मिटली. एक भेट खोटी, तर बाकीच्या कशावरून खऱ्या, असं ते म्हणाले. ज्या रेघांसाठी मी खरोखर उन्हात करपलो होतो, तळाचा दगड वाजलेला कानांनी ऐकला होता, त्याही त्या एका वाक्यात गेल्या. उपग्रहसाहेब खाली बघत होते. त्यांना विचारलं तेव्हा ते हळूच म्हणाले, “मग या सगळ्या रेघा मला गॅप म्हणूनच धराव्या लागतील, सर. मशीन भरेल ते.”

भिंतीवर पुन्हा पहिला नकाशा लावला. बाईचं गाव निळं आणि त्याच्या आजूबाजूची गावंही. तासाभरात यादी मंजूर झाली. मला मेमो मिळाला तो नंतर, त्याचं काही विशेष नाही.

बाहेर एसटी स्टँडवर मी तिला गाठलं. लोक बघत होते, बघू दे म्हटलं. “एक हो म्हनाले काय झालतं तुले?” मी ओरडलो. “आलता ना तुह्या गावचा नळ कागदावर! म्या आनलता. त्या रेघापुढं कोरडी कोनी लिवलं? म्या लिवलं! एका शब्दानं घालवला तू. साऱ्या गावाचा घालवला, नुसता मले खाली पाहाले लावासाठी!”

बाईच्या हातातली पिशवी खाली आली.

“मले सांगतलं काऊन नाई?”

“तू पानी घेतलं होतं का माह्या घरचं?”

तिनं पिशवी पुन्हा काखेत घेतली. मला वाटलं आता शिव्या देईल. मी वाट बघत होतो शिव्यांची, म्हणजे मलाही देता आल्या असत्या.

“मे महिन्यात मी रोज कठड्यावर बसून राह्यची, बाबू,” ती म्हणाली. “बाया झिऱ्यावर जात, मी बसून राह्यची. तुहे जवाई म्हनत, कायले बसतं उनात, आत पानी नाई काई नाई. मी म्हनो, टेपवाला येनार हाये. भाऊ म्हनून नको येऊ, माह्या घरी नको जेवू. पन सरकारचा मानूस म्हनून तं येशीन. येशीन, पाहाशीन, कोरडी हाये असं लिवशीन. चार वर्सं बसली मी.”

तिची एसटी लागली. ती चढली आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी बसली.

पुढच्या मे महिन्यात, पाळीच्या पहिल्याच दिवशी, मी तिच्या विहिरीवर गेलो. विहीर कोरडी होती. कठड्यावर कुणी बसलेलं नव्हतं.